सुरकुत्यांचा बाजार आणि सावलीचा प्रश्न

महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव आणि कंत्राटी कामगारांची परवड हे विषय समोर असताना चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांविषयी लिहावयाचे म्हटले की आमच्या कित्येक मित्रांच्या कपाळावर आठ्या पडतात. हा खात्यापित्या घरांतल्या आरशापुढचा विषय आहे, तो रंगीत मासिकांना लखलाभ असो, असा त्यांचा निकाल असतो. हा निकाल आपण पुरोगामी भूमिकेवरून देत आहोत, अशीही त्यांची समजूत असते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. त्वचेचे वार्धक्य ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, ते आरशापुढे सुरू होते आणि डबीतल्या मलमाने थोपविता येते, ही कल्पनाच मुळी प्रसाधने विकणाऱ्या कंपन्यांची आहे. जाहिरातींवर अमाप पैसा ओतून त्यांनी ती लोकांच्या मनात रुजविली. आमचे मित्र मलम विकत घेत नाहीत एवढेच. कल्पना त्यांनी जशीच्या तशी विकत घेतली आहे.

या कल्पनेचा फोलपणा दाखविण्यासाठी प्रथम शरीरशास्त्राकडे वळले पाहिजे. आपल्या त्वचेत वर पातळ बाह्यत्वचा असते आणि तिच्याखाली जाड अंतस्त्वचा असते. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेनचे तंतू आणि ताणून सोडले की पुन्हा जागेवर आणणारे इलॅस्टिनचे तंतू या खालच्या थरात असतात. माणूस प्रौढ झाला की कोलॅजेन दरवर्षी साधारणतः एक टक्का या गतीने घटत जाते. त्वचा पातळ होते, कोरडी पडते, बारीक रेषा उमटतात. हे वार्धक्य सर्वांना येते, राजाला आणि रंकाला सारखेच येते, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु ते किती सौम्य असते हे पाहावयाचे असेल तर सत्तरीतल्या एखाद्या शेतमजुराच्या दंडाची आतली बाजू पाहावी आणि मग त्याची मान पाहावी. दंडाची कातडी मऊ असते, एकसारख्या रंगाची असते. मानेची कातडी जाड झालेली, चौकटी-चौकटींनी चिरलेली आणि काळवंडलेली असते. माणूस एकच, वय एकच, आईबापांकडून आलेली कातडीही एकच. दोहोंत जो फरक दिसतो तो वयाचा नाही, उन्हाचा आहे.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी 'बी' प्रकारचे किरण मुख्यतः वरच्या थरावर आघात करतात. गोऱ्या माणसाची कातडी त्यांनीच भाजून लाल होते. 'ए' प्रकारचे किरण अधिक खोल, थेट अंतस्त्वचेपर्यंत पोहोचतात. ऊन लागल्यानंतर काही तासांतच तेथे कोलॅजेन कापणारी विकरे जागी होतात, आणि त्याच वेळी नवे कोलॅजेन तयार होण्याचे काम मंदावते. शरीर डागडुजी करते, पण ती नेहमीच थोडी अपुरी राहते. फाटलेल्या गोधडीला रोज ठिगळ लावावे आणि रोज थोडी फट उरावी, तसे वर्षानुवर्षे होत राहते. इलॅस्टिनचे तंतू विस्कटतात, त्यांच्या निकामी गुठळ्या साचतात. चेहऱ्यावर जे 'वय' म्हणून आपण वाचतो, त्यातला फार मोठा भाग हा असा उन्हाने लिहिलेला असतो.

याचा एक पुरावा जगभरच्या वैद्यांना ठाऊक आहे. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात अमेरिकेतील एका ६९ वर्षांच्या मालमोटारचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याने २८ वर्षे मोटार चालविली होती. तेथे चालक डाव्या बाजूस बसतो, म्हणून खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी आणि गाठींनी भरून गेला होता. उजवा गाल त्या मानाने कितीतरी तरुण होता. काचेतून 'बी' किरण फारसे येत नाहीत, 'ए' किरण मात्र येतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपल्या चालकांचा उजवा गाल आणि उजवा हात तपासून पाहावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु बाजूच्या काचेतून येणारे किरण थंड हवेने अडत नाहीत, हे त्या निर्णयाचे स्वागत करणाऱ्या आमच्या वाहतूक संघटनांनी लक्षात घ्यावे.

एवढे समजले की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हा केवळ जन्मतारखेचा दाखला राहत नाही. तो हजेरीपट होतो. कोणी किती तास, कोणत्या प्रहरी आणि कोणाच्या फायद्यासाठी उन्हात उभे राहिले, याची ती नोंद असते. डांबराच्या रस्त्यावर खडी पसरणारी बाई, वीटभट्टीवरचे कुटुंब, उरण-वसईच्या मिठागरात पांढऱ्या शुभ्र मिठावरून उलटून येणारे ऊन तोंडावर घेणारा कामगार, चौकातला वाहतूक शिपाई, पदपथावरची भाजीवाली यांच्या कातडीचे वय त्यांच्या वयाच्या पुढे धावत असते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतील एखाद्या बाईला वय विचारावे. ती पस्तीस सांगते आणि ऐकणाऱ्याला ती पन्नाशीची वाटत असते. ती खोटे बोलत नाही. २०१९ साली जगातील सुमारे १६० कोटी लोक, म्हणजे काम करण्याच्या वयातील दर शंभरांत २८, आपल्या कामामुळे उन्हाच्या अतिनील किरणांना सामोरे जात होते, असा हिशेब जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२३ साली मांडला. तो हिशेब त्वचेच्या कर्करोगासंबंधीचा होता. सुरकुत्या मोजण्याची तसदी अर्थातच कोणी घेतलेली नाही.

उन्हाखेरीज आणखीही कारणे आहेत आणि तीही याच माणसांच्या वाट्याला अधिक येतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या लवकर पडतात, हे १९७१ सालापासून वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहे. वाहनांच्या धुरातील काजळीचा आणि चेहऱ्यावरच्या काळ्या डागांचा संबंध जर्मनीतील वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत २०१० साली दिसून आला. चीनमधल्या अशाच एका अभ्यासात लाकूड-कोळशावर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर सुरकुत्या अधिक आढळल्या. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणाऱ्या आमच्या आयाबहिणींना हे सांगण्यासाठी चीनला जावे लागले, याचा खेद वाटतो.

आपल्या भाषेत वडीलधारा माणूस जरबेने सांगतो की, "हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत." म्हणजे ते अनुभवाने पांढरे झाले, असे त्याला म्हणावयाचे असते. हा वाक्प्रचार ज्याने घडविला तो निश्चितपणे सावलीत बसणारा असला पाहिजे. उन्हात झिजणे म्हणजे शहाणपण न मिळविता नुसते म्हातारे होणे, असा त्याचा अर्थ निघतो. ज्यांचा सारा अनुभवच उन्हातला, त्यांनी काय म्हणावे?

येथे आमच्या चळवळीलाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. श्रमिकाच्या रापलेल्या, सुरकुतलेल्या चेहऱ्याचे आम्हांला विलक्षण आकर्षण असते. अधिवेशनाच्या भित्तिपत्रकावर, विशेषांकाच्या मुखपृष्ठावर, दिनदर्शिकेवर तो चेहरा हटकून असतो. छायाचित्रकाराला त्याबद्दल पारितोषिक मिळते. प्रत्येक सुरकुतीत आम्हांला संघर्षाची गाथा दिसते. पण ज्या बाईचा तो चेहरा असतो, तिला कोणी विचारले तर ती गाथा-बिथा काही सांगणार नाही. डोक्यावर काही छप्पर असते तर बरे झाले असते, असे सांगेल. सिलिकॉसिसने पोखरलेल्या फुप्फुसाचे आम्ही सौंदर्य म्हणून कौतुक करीत नाही. उन्हाने जाळलेल्या कातडीचे मात्र करतो. हे कौतुक आणि प्रसाधन कंपनीची जाहिरात यांत वरवर जमीन-अस्मानाचे अंतर दिसते. पण एकीला सुरकुतीची लाज वाटते, दुसऱ्याला अभिमान वाटतो. ती पडूच नये म्हणून कामाच्या जागी काय बदलावे, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

आता बाजाराकडे वळू. हा बाजार काय विकतो ते पाहण्यासारखे आहे. १९७५ साली हिंदुस्तान लिव्हरने गोरेपणाचे मलम बाजारात आणले. २०२० साली टीकेचा भडिमार झाल्यावर त्याच्या नावातील गोरेपणा काढून तेथे चकाकी घालण्यात आली. डबी तीच राहिली. आता गंमत अशी की, ज्या मेलॅनिनमुळे आपली कातडी सावळी दिसते, ते मेलॅनिन हीच उन्हाविरुद्धची निसर्गदत्त छत्री आहे. काळ्या माणसाची बाह्यत्वचा गोऱ्या माणसाच्या बाह्यत्वचेच्या सुमारे चौपट संरक्षण देते, असे १९७९ सालच्या एका प्रसिद्ध संशोधनात मोजले गेले. आपण बहुतेक या दोहोंच्या मध्ये कोठे तरी आहोत. म्हणूनच युरोपियन बाईच्या चेहऱ्यावर ज्या वयात बारीक सुरकुत्या दिसू लागतात, त्या वयात आपल्याकडे त्या सहसा दिसत नाहीत. आपल्याकडे उन्हाचे वय प्रथम वांग, काळे डाग आणि असमान रंग यांच्या रूपाने प्रकट होते. म्हणजे दुकानदार एका हाताने छत्री काढून घेण्याचे मलम विकतो, आणि दुसऱ्या हाताने छत्री गेल्यामुळे होणाऱ्या नुकसानीवरचे मलम विकतो. व्यापाराची ही रीत आमच्या सावकारांनाही सुचली नव्हती.

या गोरेपणाच्या मागे लागून किती जणींनी कायमचे नुकसान करून घेतले, हे सरकारी दवाखान्यातील कोणताही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. स्टेरॉइडयुक्त मलमे वर्षानुवर्षे औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळत होती. त्यांनी आधी चेहरा उजळतो, मग कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात, आणि मलम सोडले की आग आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांची चिठ्ठीवाचून विक्री बंद केली. कागदावर बंद केली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या विकाराचे जे रुग्ण आढळले, त्यांचा माग काढता काढता डॉक्टर पाऱ्याचा अंश असलेल्या गोरेपणाच्या मलमांपर्यंत पोहोचले.

वार्धक्य रोखण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाची तऱ्हा याहून फार निराळी नाही. कोलॅजेनचे मलम घ्या. कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो अखंड त्वचेतून आत शिरूच शकत नाही. वर बसून ओलावा धरून ठेवतो एवढेच, आणि ते काम खोबरेल तेलही बऱ्यापैकी करते. कोलॅजेनची भुकटी पाण्यातून प्यावी, तर पोटात तिचे तेच होते जे डाळीतल्या प्रथिनाचे होते. तिच्या गुणांविषयीचे बरेच प्रयोग ती विकणाऱ्यांच्याच पैशाने झालेले आहेत. ज्या प्रयोगांना कंपन्यांचा पैसा नव्हता त्यांत लाभ दिसला नाही, असा निष्कर्ष २०२५ सालच्या एका एकत्रित परीक्षणात निघाला. आपले मलम तारुण्याची जनुके जागी करते, असा लोरियाल कंपनीचा दावा होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ साली तो फसवा ठरवून तिला तो सोडावयास लावला. स्वदेशीचा जप करणारे कारखानदार या बाबतीत विदेशी कंपन्यांच्या पाठीमागे नाहीत. त्यांच्या डबीवर हळद आणि चंदन यांची चित्रे असतात, एवढाच भेद.

तथापि सगळेच थोतांड आहे असे म्हणून हात झटकणे सोपे असले तरी ते खरे नाही, आणि समाजवाद्याने विज्ञानाशी बेइमानी करू नये. काही उपाय निश्चित गुणकारी आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील नांबूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात ९०० वर प्रौढ माणसांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडले गेले. एका गटाने रोज नियमाने सनस्क्रीन लावावयाचे, दुसऱ्याने मन मानेल तसे. साडेचार वर्षांनंतर हाताच्या पाठीच्या कातडीचे ठसे तपासले, तेव्हा रोज लावणाऱ्यांत त्वचेचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी आढळले. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. दुसरे औषध म्हणजे जीवनसत्त्व 'अ' पासून बनणारे ट्रेटिनॉइन. मुरुमांसाठी १९७१ साली मान्यता मिळालेले हे औषध बारीक सुरकुत्यांवरही काम करते, नवे कोलॅजेन तयार करण्यास त्वचेला भाग पाडते, हे १९८०-९० च्या दशकांत सिद्ध झाले. ते डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यावे लागते, त्याने आग होते, आणि गर्भवतीने ते वापरू नये.

या औषधाची कुळकथा मात्र त्याच्या वेष्टनावर छापलेली नसते. ट्रेटिनॉइनचा त्वचेवरील उपयोग प्रस्थापित करणारे आणि उन्हाने येणाऱ्या वार्धक्याचा विषय वैद्यकात रूढ करणारे पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचे डॉ. अल्बर्ट क्लिगमन हे १९५१ पासून १९७४ पर्यंत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या शरीरावर प्रयोग करीत होते. कैदी बहुतांशी काळे आणि दरिद्री होते. थोड्या डॉलरांसाठी ते पाठ देत. तुरुंगात पाऊल टाकताच आपल्याला एकरच्या एकर कातडी दिसली, असे या डॉक्टरमहाशयांनी स्वतःच वार्ताहराला सांगितले होते. डाऊ केमिकल कंपनीसाठी त्यांनी डायॉक्सिन या जहाल विषाची चाचणीही त्याच कैद्यांच्या कातडीवर केली. मुरुमांच्या औषधाच्या आरंभीच्या चाचण्यांचा धागा याच तुरुंगात जातो. विद्यापीठाने २०२१ साली आणि फिलाडेल्फिया नगरीने २०२२ साली माफी मागितली. डॉक्टर २०१० सालीच वारले होते. औषधाच्या हक्कांवर विद्यापीठाने आणि त्यांनी पुष्कळ पैसा मिळविला होता. सुखवस्तू माणसाच्या गालावरची रेषा पुसण्याची विद्या कोणाच्या पाठीवर शिकली गेली, हे त्या पैशाचा हिशेब मांडताना विसरून चालणार नाही.

आता कोणी म्हणेल, सनस्क्रीन गुणकारी आहे असे तुम्हीच म्हणता, तर ते मजुरांना वाटा म्हणजे झाले. हिशेब करून पाहू. चेहरा आणि मान यांना प्रत्येक खेपेस सुमारे दोन ग्रॅम मलम लागते. घाम गाळणाऱ्या माणसाने ते दर दोन तासांनी लावले पाहिजे. दिवसातून दोनदाच लावले असे धरले तरी ५० ग्रॅमची नळी बारा दिवसांत संपते. हात, पाय, पाठ यांचा हिशेब यात धरलेला नाही. डबीवर छापलेला संरक्षणाचा आकडा चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन मोजलेला असतो. माणसे प्रत्यक्षात त्याच्या निम्मा किंवा चौथाईच थर लावतात. उसाच्या फडात पाचटाची धूळ आणि घाम यांच्या चिखलात हे मलम कितपत टिकेल, ते सांगावयास नको. टांझानियात मोशी येथील रुग्णालयात जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या लोकांसाठी सनस्क्रीन तयार करून फुकट वाटले जाते, तो उपक्रम अत्यंत स्तुत्य आहे आणि आपल्याकडील अशा लोकांसाठी सरकारने तसे केलेच पाहिजे. परंतु बांधकाम मजुराच्या संरक्षणाचे मुख्य साधन मलम होऊ शकत नाही. ते साधन सावली, कापड आणि कामाची वेळ हेच आहे.

कापडाची विद्या आपल्या श्रमिकांनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून हस्तगत केली आहे. ऊस तोडणारी बाई लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढविते आणि डोके, कान, गाल फडक्याने घट्ट बांधून घेते. मुंडासे, पागोटे, डोक्यावरून घेतलेला पदर यांचा उगम केवळ रूढीत नाही. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की, पातळ पांढऱ्या सुती कापडातून बरेच किरण आत येतात, आणि ते घामाने भिजले की अधिकच येतात. घट्ट विणीचे आणि गडद रंगाचे कापड किरण चांगले अडविते, जरी त्यात उकडते अधिक. ऊन किती तीव्र आहे हे ओळखण्यासही यंत्र लागत नाही. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडू लागली की ऊन कातडीला घातक झाले असे समजावे. कामावरच्या मुकादमालाही ही खूण कळते. ऊन अंगावर घेतल्याशिवाय जीवनसत्त्व 'ड' कसे मिळणार, असा प्रश्न काही वातानुकूलित कचेऱ्यांतून विचारला जातो. तो प्रश्न त्या कचेऱ्यांपुरता रास्त आहे. दिवसाचे आठ तास उन्हात काढणाऱ्याला तो विचारण्यात अर्थ नाही.

स्त्रियांविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण या विषयावर बोलताना आमचे पुरुष कार्यकर्ते फार लवकर उपदेशकाच्या भूमिकेत शिरतात. दुकानातली विक्रेती, स्वागतकक्षातली मुलगी, खासगी शाळेतली शिक्षिका पगारातून पैसे काढून मलम घेते ती केवळ नटव्या स्वभावामुळे घेते असे मानणे हा अन्याय आहे. तिचे दिसणे हा तिच्या नोकरीचा अलिखित करार असतो, आणि कधी काळी तो लिखितही होता. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पस्तिशीला, चार वर्षांच्या आत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गर्भारपणात नोकरी सोडावी लागे. पस्तिशीनंतर मुदत वाढवून द्यावी की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर असे. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात गर्भारपणाची अट आणि संचालकांची बेलगाम मर्जी ही दोन्ही रद्द केली. लग्नाची अट मात्र कायम ठेवली. त्याच विमानातील पुरुष सेवकांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काम करता येत होते. पुरुषाच्या सुरकुतीला अनुभव म्हणावयाचे आणि स्त्रीच्या सुरकुतीला निवृत्तीचे कारण, हा व्यवहार न्यायालयाच्या एका निकालाने संपत नाही. म्हणून मलम घेणाऱ्या बाईला हसू नये. तिच्या मालकाला जाब विचारावा.

सावलीच्या हक्काला आपल्या राज्यात इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून जी रोजगार हमी योजना सर्वदूर पसरली आणि १९७७ साली जिचा कायदा झाला, तिच्या कामांवर पिण्याचे पाणी, प्रथमोपचार आणि मुलांसाठी सोय असली पाहिजे, हे आंदोलने करून मान्य करून घ्यावे लागले. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टातही कामाच्या जागी मुलांसाठी सावली आणि मजुरांना विश्रांतीचा काळ असावा असे लिहिलेले होते. शब्द नीट वाचावेत: सावली मुलांसाठी. आईने खडी फोडावी ती उन्हातच, असे कायदा करणाऱ्यांना म्हणावयाचे नसेलही. पण त्यांनी लिहिले तसेच. आणि मुलांची ती सावली तरी किती कामांवर प्रत्यक्षात उभी राहिली, हे आमच्या ग्रामीण कार्यकर्त्यांना चांगले ठाऊक आहे. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा आणला. त्याच्या चर्चेत दिवसांची संख्या आणि केंद्र-राज्यांचा वाटा यांवर घमासान झाले. कामावरील सावली हा त्या रणधुमाळीचा विषय नव्हता.

जे येथे अशक्य म्हणून सांगितले जाते ते अन्यत्र चालू आहे. केरळचा कामगार विभाग उन्हाळ्यात आदेश काढून उघड्यावर काम करणाऱ्यांना दुपारी १२ ते ३ विश्रांती देतो आणि आठ तासांचे काम सकाळी ७ ते सायंकाळी ७ यांच्या दरम्यान बसवितो. कतार हे काही कामगारांचे राज्य नव्हे. तेथील बांधकामांवर भारतीय आणि नेपाळी मजुरांचे काय हाल झाले ते २०२२ च्या फुटबॉल स्पर्धेच्या वेळी जगाने वाचले. त्या कतारमध्येही २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम घेण्यास बंदी आहे. हे नियम उष्माघात टाळण्यासाठी झाले, कातडीसाठी नव्हे. परंतु सूर्य दोहोंसाठी एकच आहे आणि त्याच्या तीव्रतेचे तासही बरेचसे तेच आहेत. महाराष्ट्रात उन्हाळा आला की काय होते? पाणी प्यावे, डोक्याला रुमाल बांधावा, दुपारी घराबाहेर पडू नये, असे पत्रक निघते. घराबाहेर पडणे हाच ज्यांचा रोजगार, त्यांना हे पत्रक लागू नसावे.

आणि जी सावली आयती होती तिचे काय केले? मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात दुतर्फाचे जुने वृक्ष हजारोंनी गेले. त्यांच्याखाली बैलगाडीवाला थांबे, पाथरवट बसे, आंबे विकणारी टोपली टेके. त्या सावलीला मालक नव्हता म्हणून तिला किंमतही नव्हती. शहरांत फेरीवाल्याने ताडपत्री बांधली की पालिकेची गाडी येऊन ती उचलून नेते. २०१४ चा पथविक्रेता कायदा पुस्तकात राहतो. त्याच रस्त्यावरील जाहिरातफलकावर उन्हापासून त्वचेचे रक्षण करणारी एक तरुणी हसत असते, आणि कित्येकदा त्या फलकाचीच सावली धरून भाजीवाली बसलेली असते.

आपल्या कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घ्यावयाचा तर उसाच्या फडापासून आरंभ करावा, आणि तेथील अडचण ओळखून करावा. ऊसतोड कामगाराला पगार नसतो. टनावर दर असतो. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल डोक्यावर असते, आणि पहाटेच्या अंधारात सुरू झालेले काम गाडी भरेपर्यंत संपत नाही. त्याला दुपारी १२ ते ३ थांबा म्हटले तर तो थांबणार नाही. थांबला तर त्याचे टन कमी होतात आणि उचल फिटत नाही. नुसता विश्रांतीचा नियम येथे मजुराच्याच अंगावर उलटेल. साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात ठरावीक मुदतीने दराचा करार होतो, तेव्हा सारी चर्चा दरवाढीच्या टक्क्यांभोवती फिरते आणि मध्यरात्री टक्का ठरला की पेढे वाटले जातात. पुढच्या कराराच्या मागणीपत्रात दराच्या कलमाखालीच आणखी तीन कलमे घातली पाहिजेत: फडावर आणि गाडीतळावर कारखान्याच्या खर्चाने उभारलेला फिरता मांडव, प्रत्येक कोयत्यामागे हंगामाला दोन घट्ट विणीचे पूर्ण बाह्यांचे सदरे, आणि मार्च-एप्रिलच्या तोडीसाठी दुपारच्या तीन तासांचा वेगळा भत्ता, म्हणजे थांबणाऱ्याचे टन बुडणार नाहीत. मांडवाची ताडपत्री आणि बांबू यांचा खर्च कारखान्याच्या हिशेबात काय पडतो, तो आकडा आमच्या साखर कामगार शाखांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी काढून ठेवावा; वाटाघाटीच्या टेबलावर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.